अकरा नळ्यांचं रजिस्टर

गाडीच्या इंजिनावर अकरा नळ्या होत्या आणि त्या अकराही बाबांनी एका सकाळी काढल्या.

काढल्या म्हणजे ओरबाडल्या नाहीत हं. बाबा रेकॉर्ड विभागात सव्वीस वर्षं घासलेला माणूस. प्रत्येक नळी त्यांनी हळुवार सोडवली, फडक्यानं पुसली, टेपनं मोजली, तिच्या गळ्यात चिकटपट्टीवर नंबर बांधला आणि जाड पुठ्ठ्याच्या कोऱ्या रजिस्टरमध्ये तिची नोंद केली. लाल शाईनं आखलेले सहा रकाने: अनुक्रमांक, लांबी, जाडी, रंग, अवस्था, शेरा. अक्षर असं की छापखान्यानं लाजावं. मग अकरा नळ्या सतरंजीवर लहान-मोठ्या उंचीनं मांडल्या, शाळेच्या गटफोटोला मुलं बसवतात तशा, आणि बाबा दोन पावलं मागे सरून स्वतःवर खूश झाले.

दुपारी शाळा सुटल्यावर भोंगा गाळ्यावर आली. भोंगा म्हणजे त्यांची एकुलती एक मुलगी. तिचं खरं नाव शाळेच्या हजेरीपटाखेरीज कुठंच चालत नव्हतं. ती बोलायला लागली की तीन इमारती पलीकडच्यांना बातमी कळायची, म्हणून घरानं आणि गल्लीनं मिळून एकमतानं तिला हे नाव दिलं होतं. तिनं दप्तर टाकलं, सतरंजी पाहिली, रजिस्टर पाहिलं, उघड्या बॉनेटखाली डोकावली. तिथं ठिकठिकाणी छोटी छोटी तोंडं आ वासून तिच्याकडे बघत होती.

"बाबा, एक विचारू?"

"विचार की."

"ही सात नंबरची नळी कुठून निघून कुठं जात होती?"

बाबांनी रुबाबात रजिस्टर उघडलं. सात नंबर. लांबी अठ्ठावीस सेंटिमीटर. रंग काळा, मूळचा. अवस्था जीर्ण. शेरा: 'उग्र वास येतो.' बाबांनी पान उलटलं. परत मागं उलटलं. चष्मा काढून पुसला, जणू तो सातवा रकाना काचेवरच्या धुळीत लपला होता.

"नळ्यांना नंबर दिलेत," भोंगा म्हणाली, "तोंडांना दिलेच नाहीत."

त्यानंतर गाळ्यात जी शांतता पसरली तिची लांबी, जाडी आणि अवस्था कुणीही नोंदवलेली नाही.

आता या नळ्या कसल्या, ते थोडक्यात सांगते. चालू इंजिन हवा आत ओढत असतं, आणि त्या ओढीला गाडीवाले व्हॅक्यूम म्हणतात. जुन्या गाड्यांत ही ओढ बारीक बारीक नळ्यांतून सगळीकडे कामाला धाडलेली असते: एक नळी ब्रेकला जोर देते, एक ठिणगीची वेळ सांभाळते, आणि गाडी ऑटोमॅटिक असेल तर एक नळी खाली गिअरबॉक्सला जाऊन सांगते की बाई गं, वर इंजिनावर एवढा एवढा भार आहे, आता गिअर बदल. नळी चुकली की निरोप चुकला. घरात जसं होतं तसंच.

आणि ही गाडी ऑटोमॅटिक होती, तीही हौसेखातर नव्हे. ती आजोबांची. आजोबांचा डावा पाय लहानपणापासून अधू, क्लच दाबायला निकामी. "तुम्हाला गाडी चालवता येणार नाही," असं त्यांना आख्ख्या गावानं सांगितल्यावर त्यांनी कुठून तरी ही बिनक्लचची गाडी शोधून आणली आणि त्याच गावाच्या नाकासमोरून एकतीस वर्षं चालवली. इंजिन उघडायचे तेही स्वतः. आता त्यांची नजर गेली होती. दिवसभर मागच्या खोलीत आरामखुर्चीत बसायचे, आणि डोळ्यांचं सगळं काम कान आणि नाक मिळून करायचे.

महिन्यापूर्वी गाडी-तपासणीच्या ऑफिसचं पत्र आलं होतं: अठ्ठावीस तारखेच्या आत गाडी चालत आणून दाखवा, नाहीतर तिचं नाव वहीतून कमी होईल. नाव कमी झालं की गाडी कायद्यानं भंगार. पत्र आईनं वाचून दाखवलं. बाबांनी नुसता घसा खाकरला, तेवढ्यावरून आजोबांना काय ते कळलं.

"थोरल्याला बोलवा," आजोबा म्हणाले. "धाकट्यानं बॉनेट उघडायचं नाही. त्याचे हात कागदाचे आहेत."

थोरला म्हणजे बाबांचे मोठे भाऊ. शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायचे, मोठ्या हुद्द्यावर होते आणि आजोबांच्या मते त्यांच्या हातात जादू होती. धाकटे म्हणजे आमचे हे बाबा, यांनी वयाच्या बाराव्या वर्षी याच गाडीत तेलाच्या जागी पाणी ओतलं होतं. त्या घटनेला सदतीस वर्षं झाली होती, तरी आजोबांच्या दप्तरी ती फाईल अजून चालूच होती.

बाबांनी थोरल्यांना फोन केला.

"दादा, अण्णांच्या गाडीचं—"

"अरे, भंगारात दे ना ती! गाळा मोकळा कर. मला मीटिंग आहे."

फोन ठेवल्यावर बाबा बराच वेळ स्वतःच्या हातांकडे बघत बसले. पुढं करून, उलटे करून, सुलटे करून. भोंगानं ते दाराआडून पाहिलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी ऑफिसात अठरा दिवसांची साठलेली रजा टाकली. काय हवं होतं त्यांना? गाडी वाचवायची होती, ते तर झालंच. पण त्याहून जास्त एक वाक्य हवं होतं. अण्णांच्या तोंडून. 'तुझ्याही हातात आहे रे.' बस, एवढंच. मोजून चार शब्द.

पण बॉनेट उघडायची तर बंदी! मग एक नाटक सुरू झालं. रोज सकाळी नऊला बाबा इस्त्रीचा शर्ट, बूट, बॅग, डबा अशा थाटात मागच्या खोलीच्या दारात उभे राहायचे. "येतो अण्णा, ऑफिसला जातो." आणि दोन गल्ल्या पलीकडच्या गाळ्यात जाऊन, दार लावून, मळकी पँट चढवायचे.

"अहो, अण्णांना दिसत नाही. निदान इस्त्री तरी नका मोडू रोजची," आई वैतागायची.

"त्यांना इस्त्रीचा वास कळतो."

संध्याकाळी मात्र वेगळाच वास कळायचा. "धाकट्या, आज ऑफिसात पेट्रोल सांडलं का रे?"

"शाई आहे अण्णा. नवीन आलीये."

"पेट्रोलवर चालते वाटतं तुमची फाईल. तरीच पुढं सरकत नाही."

तर आता पेच असा होता की नळ्या अकरा, तोंडं त्याच्या दुप्पट, आणि कुणाचं कुणाशी नातं ते माहीत असणारं गाळ्यात कुणीच नाही. बॉनेटच्या आतल्या बाजूला कंपनीनं नळ्यांचा नकाशा चिकटवलेला असतो असं बाबांनी कुठंतरी वाचलं होतं. त्यांनी कंदिलासारखी बॅटरी धरून पाहिलं. चौकोनी उंचवटा होता खरा, पण त्यावर निळ्या रंगाचे दोन जाड हात बसले होते. बारा वर्षांपूर्वी गाडीला रंग मारण्याची हौस कुणाला आली होती? थोरल्यांना. जादूच्या हातांनी नकाशाच गडप केला होता. बाबांनी रजिस्टरच्या मागच्या पानावर तेवढंच लिहिलं: 'नकाशा: रंगाखाली.' पुढे एक शब्द लिहून खोडला होता. भोंगानं पान उजेडात धरून तो वाचला आणि आपले बाबाही असे शब्द ओळखतात हे पाहून तिला त्यांचा फार अभिमान वाटला.

उघड्या बॉनेटला माणसं लागतात ती कुठून लागतात कोण जाणे. पहिला आला शेजारच्या गाळ्यातला प्लंबर.

"साहेब, नळ्यांचं काम आणि मला हाक नाही?"

"हे पाण्याचं नाही हो. हवेचं आहे."

"हवा काय न् पाणी काय! आपल्याला गळतीशी मतलब."

मग आले ड्रायव्हरकाका. निवृत्त बसचालक. येताना स्वतःची प्लास्टिकची खुर्ची घेऊन आले आणि बरोबर गाडीच्या तोंडासमोर मांडून बसले. अनुभव प्रचंड, फक्त त्यांनी आयुष्यात कधी बसचं इंजिन उघडलं नव्हतं. ते काम डेपोत व्हायचं. पण सल्ल्याला अनुभव लागतो, माहिती लागत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

पहिल्या जोडणीला इंजिन सुरू झालं आणि कुकरची शिट्टी अडकावी तसं किंचाळायला लागलं. प्लंबरनं डोळे मिटून, मान वाकडी करून, इंजिनाच्या मागं खाली हात घातला आणि चाचपडत एक उघडं पितळी तोंड शोधलं. "हे घ्या, इथून जातेय हवा!" खिशातून त्यानं रबरी टोपी काढली आणि त्या तोंडावर घट्ट बसवली. शिट्टी बंद. ड्रायव्हरकाकांनी टाळ्या वाजवल्या. बाबांनी रजिस्टरमध्ये नोंद केली: 'एक तोंड जादा. बंद केले.' ही नोंद लक्षात ठेवा.

दुसऱ्या जोडणीला ब्रेकचा निरोप भलतीकडेच गेला. बाबा गाडीत बसून ब्रेक दाबताहेत, ब्रेक दगडासारखा कडक, आणि गाळ्याला होता बाहेरच्या बाजूला उतार. गाडी अगदी शालीनपणे, लग्नातल्या नवरीच्या गतीनं, पुढं निघाली.

"काका, उठा!" भोंगा किंचाळली. तिचं किंचाळणं म्हणजे विचारू नका.

"अगं, गाडीपुढून मी हटत नसतो! चौतीस वर्षांची—"

चौतीस वर्षांची सर्व्हिस खुर्चीसकट चार फूट मागं सरकली आणि प्लंबरच्या पाण्याच्या पिंपाला टेकून थांबली. काकांना कुठं लागलं नाही. म्हणजे लागलं, पण जिथं लागलं तिथं नोंद करण्यासारखं नव्हतं. त्या दिवसापासून ते गाडीच्या बाजूला बसायला लागले आणि सल्ले दुप्पट झाले.

असं एकेक करत, आठ दिवसांत, दहा नळ्या आपापल्या ठिकाणी लागल्या. खरंच लागल्या! बाबांनी चुकत चुकत, हातावर चटके घेत, ब्रेक मऊ केला, ठिणगी सुधारली. त्यांची नखं काळी झाली आणि ती घासून काढताना ते गुणगुणायचे. भोंगानं त्यांना गुणगुणताना कधी ऐकलं नव्हतं.

उरली अकरावी. सगळ्यांत लांब, लोखंडी, दोन्ही टोकांना रबराचा तुकडा. अवस्था: गंजलेली. शेरा: 'बदलणे आवश्यक.' ती खाली गिअरबॉक्सला जाते एवढं उघड होतं, कारण तिचं खालचं तोंड दिसत होतं. प्लंबरनं त्याच्या पेटीतून ती पारदर्शक मऊ नळी काढली, पाणी भरून भिंतीची पातळी बघतात ती. "लोखंड कशाला साहेब? ही वळते कशी बघा. बाळासारखी." वरचं टोक एका मोकळ्या तोंडावर बसवलं. शिट्टी नाही, काही नाही. सगळं शांत.

मग गाडी गल्लीत काढली. पहिला गिअर. इंजिन ओरडायला लागलं, आणखी ओरडायला लागलं, गिअर काही बदलेना. गल्ली संपत आली तरी बदलेना. आणि मग एकदम मागून कुणी लाथ घालावी तसा धाडकन बदलला. बाबांचा चष्मा मांडीवर, भोंगाची वेणी तोंडात. परत येताना तेच. दहा वेळा तेच.

ड्रायव्हरकाकांचं मत पडलं की गाडीला क्लच हवा. प्लंबरचं मत पडलं की नळी आणखी जाड हवी. आईनं गाळ्यावर डबा ठेवता ठेवता मत दिलं की अण्णांना विचारा.

"नाही," बाबा म्हणाले.

"बाबा, पण आजोबांना एका मिनिटात—"

"विचारलं की झालं. मग मी काय केलं?"

भोंगा गप्प बसली. तिला हे गप्प बसणं फार महागात पडायचं. 

दरम्यान तपासणीच्या ऑफिसात वेगळाच खेळ मांडला होता. नियम असा की आधी कागद, मग गाडी. भोंगाला सुट्टी होती, ती बाबांबरोबर गेली. खिडकीतल्या कारकुनानं फॉर्म भरायला घेतला.

"क्लच? ठीक की नादुरुस्त?"

"क्लच नाही."

"नाही म्हणजे? हरवला?"

"या गाडीत क्लच नसतोच. ऑटोमॅटिक आहे."

कारकुनानं फॉर्म बाबांकडे फिरवला. "इथं दोनच चौकोन आहेत. ठीक, नादुरुस्त. 'नसतोच' असा चौकोन दाखवा मला."

"मग दोन्ही सोडून द्या."

"सोडला की फॉर्म अपूर्ण. कंपनीचं पत्र आणा, क्लच बसवला नव्हता म्हणून."

"कंपनी बंद होऊन तीस वर्षं झाली."

"मग बंद झाल्याचं पत्र आणा. कंपनीचंच."

भोंगाला वाटलं, बाबा आता चिडतील. पण बाबा त्या कारकुनाकडे विचित्र नजरेनं बघत होते. सव्वीस वर्षं ते स्वतः अशाच एका खिडकीच्या आत बसले होते, अशाच सुंदर अक्षरात माणसांना परत पाठवत होते. बाहेरून ती खिडकी कशी दिसते, ते त्यांना आज पहिल्यांदा दिसत होतं. पायऱ्या उतरताना ते एवढंच म्हणाले, "चांगलं काम करतो तो. अगदी नियमाप्रमाणे." आणि पायरी चुकले.

चार चकरांनंतर ठरलं की तो रकाना तपासणी साहेब गाडी बघून स्वतः भरतील. पण गाडी चालत यायला हवी. तारीख उजाडली होती सव्वीस.

त्या दिवशी भोंगानं ते केलं. गल्लीतल्या फेरीला ती मागच्या सीटवर मोबाईल धरून बसली आणि इंजिनाचा सगळा आक्रोश तिनं रेकॉर्ड केला. घरी आली आणि सरळ मागच्या खोलीत गेली.

आता हे नीट समजून घ्या, कारण पुढचं सगळं यावर आहे. 'बाबांनी विचारलंय' म्हणावं, तर नाटक फुटणार, बॉनेटबंदी मोडल्याचा गुन्हा उघड होणार आणि आजोबा तोंड फिरवणार. शिवाय बाबांना कळलं तर त्यांचा जीव जाईल. भोंगाच्या डोक्यात एक कल्पना चमकली. तिला ती फारच हुशार वाटली. हुशार कल्पनांची हीच खोड असते, त्या येतानाच फार हुशार वाटतात.

"आजोबा, थोरल्या काकांनी गाडी नेलीये ना दुरुस्तीला."

आजोबा खुर्चीत ताठ झाले. "थोरल्यानं? कधी? मला कुणी बोललं नाही ते!"

"तुम्हाला चकित करायचं होतं. पण अडलंय थोडं. त्यांनी आवाज पाठवलाय, ऐका म्हणाले."

आजोबांनी मोबाईल कानाला लावला. कवितेच्या तासाला बाईंचा चेहरा होतो तसा त्यांचा चेहरा झाला. एकदा ऐकलं. परत ऐकलं.

"गिअरबॉक्सला ओढ पोचत नाहीये. उभी असताना शिट्टी येते का?"

"नाही."

"म्हणजे नळी फुटलेली नाही. आत चिकटतेय. मऊ नळी लावली का त्यानं?"

"ती... पाण्याची पातळी बघायची असते ना, ती."

"अरे देवा! इंजिननं ओढलं की ती चपटी होणार. लोखंडीच हवी, रबर फक्त टोकांना. आणि वरचं टोक कुठं जोडलंय? कार्ब्युरेटरच्या मागं, खाली, एक पितळी तोंड आहे. दिसत नाही ते. बोटांनी शोधावं लागतं. खरी ओढ तिथं आहे."

"त्यावर टोपी आहे. प्लंबरनं बसवली."

"थोरल्याकडे प्लंबर कुठला?"

भोंगानं वेणी पुढं ओढली. "मोठं ऑफिस आहे ना आजोबा काकांचं. सगळे असतात तिथं."

आजोबा हसले. कित्येक महिन्यांत हसले नव्हते असे हसले. "त्याला सांग, टोपी काढ आणि नळी तिथं लाव. आणि सांग, विचारलंस ते बरं केलंस. एवढा मोठा झाला, पण बापाला विचारायची लाज नाही वाटली त्याला." त्यांनी मोबाईल परत दिला आणि भोंगाचा हात बराच वेळ सोडला नाही.

पुढचं काम सोपं होतं. दुसऱ्या सकाळी भोंगा शाळेआधी गाळ्यावर पोचली आणि भोळेपणाचा असा अभिनय केला की स्नेहसंमेलनात बक्षीस मिळावं.

"बाबा, गाडी सुरू असताना ही मऊ नळी अशी गालफडं बसल्यासारखी का दिसते हो?"

बाबांनी वाकून पाहिलं. आणखी वाकले. "चपटी होतेय!" ते ओरडले. "अगं, ही आत ओढली जातेय! म्हणूनच मूळची लोखंडी होती!"

"अय्या, हो का? आणि ती टोपी लावलेलं तोंड, ते तरी जादा कसं असेल? कंपनीवाले उगाच तोंड ठेवतील?"

बाबांनी रजिस्टर उघडलं. 'एक तोंड जादा. बंद केले.' त्यांनी स्वतःच्याच नोंदीकडे असं पाहिलं, जणू ती आता कबुलीजबाब देईल. मग जुनी लोखंडी नळी घासली, दोन्ही टोकांना नवं रबर चढवलं, मान वाकडी करून हात मागं घातला, टोपी काढली आणि नळी बसवली. पंधरा मिनिटं लागली. हात कोपरापर्यंत सोलला.

गल्लीत गाडी निघाली. पहिला गिअर. आणि मग दुसरा कधी पडला ते कळलंच नाही. लोण्यातून सुरी जावी तसा तिसरा. बाबा गल्लीच्या टोकाला थांबले आणि स्टिअरिंगवर डोकं टेकून हसत राहिले. मग आपले काळे, सोललेले हात त्यांनी भोंगापुढं धरले. "बघ. बघ गं. मी शोधून काढलं."

"हो बाबा," भोंगा म्हणाली. तिला वाटलं, आपण जगातली सगळ्यांत चांगली गोष्ट केलीये.

अठ्ठावीस तारखेला तपासणी साहेबांनी गाडीतून एक फेरी मारली, डावा पाय क्लच शोधत दोनदा हवेत आपटला आणि फॉर्मवर खूण केली. क्लच: ठीक.

"साहेब," बाबा म्हणाले, "ही नोंद खोटी आहे."

"मग नादुरुस्त लिहू? भंगारात जाईल."

बाबांनी त्या चौकोनाकडे पाहिलं. सव्वीस वर्षांत त्यांनी एक खोटी नोंद केली नव्हती. म्हणून तर बढती मिळाली नव्हती. खाली सही करायची होती. त्यांनी केली. अक्षर जरा हललं.

शिक्क्याचा कागद खिशात घेऊन गाडी घराच्या दारात आली. प्लंबर आणि ड्रायव्हरकाकांनी आजोबांना खुर्चीसकट जिना उतरवलं आणि बाबांच्या शेजारी बसवलं. मागं आई आणि भोंगा. आजोबांनी डॅशबोर्डवरून हात फिरवला, मग दाराच्या कडेवरून, मग गिअरच्या दांड्यावरून. 

बाबांनी गाडी काढली. आजोबा मान कलती करून ऐकत होते. पहिला. दुसरा. तिसरा. सगळं पाण्यासारखं. बाबांचे कान शेजारी लागले होते. भोंगाला मागून ते लाल झालेले दिसत होते. ती पुढच्या सीटकडे सरकली. आता. आता म्हणतील.

"शाबास," आजोबा म्हणाले. डोळ्यांतून पाणी गालावर आलं. "शाबास रे थोरल्या."

गाडी सरळ चालली होती. बाबांचे हात स्टिअरिंगवर तसेच होते.

"त्याचेच हात हे. दुसऱ्या कुणाचं कामच नाही. आणि मला विचारून केलं हो त्यानं! हिच्या मोबाईलवर आवाज पाठवला परवा. मी सांगितलं, मऊ नळी काढ, मागची टोपी काढ. मुलगा असावा तर असा." त्यांनी बाबांच्या खांद्यावर थोपटलं. "तू जाऊन घेऊन आलास, तेही बरं केलंस हो."

बाबांनी वर आरशात पाहिलं. आरशात भोंगा होती.

ते रागावले असते तर बरं झालं असतं. गाडी थांबवून तिला खडसावलं असतं तरी चाललं असतं. पण ते नुसते बघत होते. एका क्षणात त्यांच्या हातातून दोन्ही गोष्टी गेल्या होत्या, शाबासकीही आणि तो शोधही. भोंगाचं तोंड उघडलं. तिला सगळं ओरडून सांगायचं होतं. तीन इमारतींपर्यंत नाही, आख्ख्या शहरापर्यंत पोचेल असं. पण खरं बोलावं, तर आजोबांचं हसू तिथल्या तिथं विझणार होतं. आणि बाबांनी आरशातच मान हलवली. थोडीशीच. नाही.

"हो अण्णा," बाबा म्हणाले. "दादानंच केलं."

"भोंगा आज वाजत कसा नाही गं?" आईनं विचारलं.  गाडीनं वळण घेतलं, गिअर न सांगता बदलला.

संध्याकाळी बाबांनी हात घासून घासून पांढरे केले. रजिस्टर जेवणाच्या टेबलावर उघडं पडलं होतं. त्यांनी त्यात लाल शाईनं दोन नवे रकाने आखले होते: 'कुठून कुठे' आणि 'कोणी जोडली'. एक ते दहा नंबरांपुढं दुसऱ्या रकान्यात बारीक, नीटस अक्षरात लिहिलं होतं, 'स्वतः'.

अकरा नंबरपुढं लिहिलं होतं, 'ज्येष्ठ बंधू.' खाली पूर्ण सही आणि तारीख.